नागपूरहून बेल्जियम: बिअर आणि पब-संस्कृती पाहण्यासाठी प्रवास कसा आखावा

बेल्जियमचे क्षेत्रफळ सुमारे ३०,७०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे विदर्भाच्या एक तृतीयांशाहूनही थोडे कमी. ब्रुसेल्सहून गेंटला रेल्वेने साधारण अर्धा तास लागतो, अँटवर्पला पाऊण तास आणि ब्रुजला एक तास. नागपूरहून गोंदियाला पोहोचण्यास याहून जास्त वेळ जातो. अंतरे इतकी लहान असल्यामुळे बिअरसाठी तिकडे निघणारे अनेक जण पन्नास पबची यादी करतात आणि एका दिवसात दोन शहरे उरकू पाहतात. ही आखणी मुळातच चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. बेल्जियमची बिअर जागेशी बांधलेली आहे: अमुक बिअर अमुक खोऱ्यातच होते, अमुक मठाच्या भिंतींच्या आतच होते, आणि ती अमुक आकाराच्या ग्लासातूनच दिली जाते. एका चौकातल्या पोह्यांवरची तर्री दुसऱ्या चौकात मिळत नाही, हे नागपूरकराला कोणी समजावून सांगावे लागत नाही. तीच जाण घेऊन गेल्यास बेल्जियम लवकर उलगडतो. म्हणून आखणी करताना बिअरची नावे मागे ठेवावीत, जागा आधी निवडाव्यात, आणि दिवसाला दोनच बैठका धराव्यात, एक दुपारची आणि एक संध्याकाळची.

युनेस्कोने २०१६ मध्ये बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. त्या वारशात बिअर बनवणारे जितके येतात तितकेच ती वाढणारे, तिच्याबरोबर काय खावे हे सांगणारे आणि एकाच कॅफेत वर्षानुवर्षे संध्याकाळी येऊन बसणारे गिऱ्हाईकही येतात. हे लक्षात असेल तर आपण केवळ चव घेण्यासाठी नव्हे, तर ती बैठक पाहण्यासाठी जात आहोत, हे पक्के होते.

निघण्यापूर्वी काय समजून घ्यावे

पहिली गोष्ट तीव्रतेची. आपल्याकडे माइल्ड बिअरची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची असते आणि तिच्यात साधारण ५ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे शुद्ध अल्कोहोल सुमारे साडेबत्तीस मिलिलिटर. वेस्टफ्लेटरेन मठाची ‘१२’ ही बिअर १०.२ टक्क्यांची आहे आणि तिची बाटली केवळ ३३० मिलिलिटरची असते. तरीही तिच्यात शुद्ध अल्कोहोल जवळजवळ चौतीस मिलिलिटर भरते. दिसायला पाइंट असलेली ही बाटली प्रत्यक्षात आपल्या मोठ्या बाटलीइतकी आहे. ड्यूवेल ८.५ टक्के, वेस्टमाल ट्रिपेल ९.५ टक्के, रोशफोर ‘१०’ ही ११.३ टक्के: हे आकडे पाहिले की दिवसाला दोन बैठकांचा आग्रह का धरला, हे ध्यानात येईल. शिवाय या बिअर गोडसर आणि मऊ असल्याने जिभेला तीव्रता जाणवत नाही. ती उठून उभे राहिल्यावर जाणवते.

इतक्या तीव्र बिअर याच देशात का रुजल्या, यामागे काही प्रमाणात एक कायदा आहे. एमिल व्हँडरव्हेल्डे या मंत्र्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९१९ च्या कायद्याने पब आणि कॅफेंमध्ये जिनसारखी कडक दारू विकण्यास बंदी घातली. कामगारांचे व्यसन सुटावे हा हेतू होता. कडक पेय मिळेनासे झाल्यावर गिऱ्हाइकांना अधिक दमदार बिअर हवी झाली आणि बिअर बनवणाऱ्यांनी ती पुरवली. वेस्टमालची ट्रिपेल १९३४ ची आहे, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट प्रकारांची. सर्व प्रकार पाठ करण्याची गरज नाही. चार-पाच ओळखले तरी पुरते. गव्हाची पांढुरकी बिअर, जिला तिकडे विटबिअर म्हणतात, ती नागपूरकराने सुरुवातीला घ्यावी, कारण तिच्यात धने आणि संत्र्याची वाळवलेली साल असते. हा प्रकार हूगार्डन गावात १९५० च्या दशकात पूर्ण बंद पडला होता. पिएर सेलिस या दूधवाल्याने १९६० च्या दशकात तो पुन्हा सुरू केला, आणि आज जगभर बनणारी विटबिअर त्याच्याच प्रयत्नांतून आली आहे. संत्र्याच्या गावातून गेलेल्या माणसाला त्या ग्लासातला सालीचा कडवट सुगंध परका वाटत नाही. सेझों ही वालोनिया या दक्षिणेकडील भागातील शेतांवरची कोरडी, तहान भागवणारी बिअर आहे. तूर्प गावच्या द्यूपों ब्रुअरीची ६.५ टक्क्यांची सेझों हा तिचा नमुना मानला जातो. डुबेल गडद, मनुका आणि करपवलेल्या साखरेची आठवण देणारी असते, तर ट्रिपेल सोनेरी आणि अधिक तीव्र. रुसेलारे येथील रोडेनबाख ब्रुअरीत लाल, आंबट बिअर प्रचंड उभ्या ओक पिंपांत मुरवली जाते.

‘ट्रॅपिस्ट’ हे एका कॅथलिक मठपंथाचे नाव आहे; हा शब्द मात्र नीट समजून घ्यावा, कारण दुकानातील अनेक बाटल्यांवर मठाचे चित्र असते आणि त्या मठात बनलेल्या नसतात. ट्रॅपिस्ट म्हणवून घेण्यासाठी बिअर मठाच्या आवारातच, मठवासीयांच्या हातून किंवा त्यांच्या देखरेखीखाली बनावी लागते, आणि मिळणारे उत्पन्न मठाचा निर्वाह व दानधर्म यांसाठीच वापरावे लागते. आज बेल्जियममध्ये असे पाच मठ आहेत: वेस्टमाल, वेस्टफ्लेटरेन, शिमे, रोशफोर आणि ऑर्व्हाल. आखेल हा सहावा होता, पण तेथे मठवासी उरले नाहीत आणि २०२१ मध्ये त्याची ती ओळख गेली.

लॅम्बिक: ज्यासाठी हा प्रवास करावा

मला विचाराल तर एकाच गोष्टीसाठी बेल्जियमला जायचे असेल तर ती लॅम्बिक आहे. इतर बहुतेक सर्व बिअरमध्ये यीस्ट माणूस घालतो. लॅम्बिकमध्ये ते हवेतून येते. ब्रुसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येचा पायोटनलंड हा भाग, म्हणजे सेन नदीचे खोरे, हे या बिअरचे घर आहे. जवाचे माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेले जव) आणि निदान तीस टक्के माल्ट न केलेला गहू यांचा उकळलेला रस रात्रभर माळ्यावरच्या उथळ, रुंद भांड्यात उघडा ठेवतात. तांब्याची प्रचंड परात डोळ्यांसमोर आणावी. खिडक्यांच्या झडपांतून थंड हवा आत येते आणि तिच्याबरोबर जंगली यीस्ट व जिवाणूही येतात. पहाटे तो रस लाकडी पिंपांत भरतात आणि तो एक, दोन, तीन वर्षे तेथेच आंबत राहतो. हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांतच करता येते, कारण उन्हाळ्यात रस लवकर थंड होत नाही आणि नको ते जिवाणू माजतात. हॉप्सही, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वेलीची फुलेही, मुद्दाम जुने वापरतात: त्यांचा कडूपणा गेलेला असतो, पण बिअर टिकवण्याचा गुण शिल्लक असतो.

एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिकचे मिश्रण करून बाटलीत पुन्हा आंबवले की ग्यूझ तयार होते. आंबट चेरी घालून मुरवली की क्रीक. पहिला घोट घेताना तयारी असावी: ही बिअर गोड नाही, कडू नाही, ती आंबट आहे. उन्हाळ्यात आंबील प्यायलेल्या माणसाला, किंवा दोन दिवसांचे ताक आवडणाऱ्याला, ती इतरांपेक्षा लवकर कळते असा माझा अनुभव आहे. पहिल्या घोटावर मत बनवू नये. अर्धा ग्लास होईपर्यंत थांबावे. दुकानांत ‘क्रीक’ नावाने मिळणाऱ्या बऱ्याच बिअर साखर घालून गोड केलेल्या असतात. अस्सल हवी असल्यास लेबलवर ‘आउडे’ हा शब्द पाहावा.

हे सर्व प्रत्यक्ष पाहण्याची जागा म्हणजे अँडरलेख्त भागातील कांतियों ब्रुअरी. ती १९०० साली सुरू झाली, एकाच कुटुंबाच्या हातात राहिली आहे, आणि १९७८ पासून ग्यूझचे संग्रहालय म्हणूनही खुली आहे. ब्रुसेल्सच्या मिदी स्थानकावरून तेथे चालत जाता येते. माळ्यावरची ती परात पाहता येते, पिंपांच्या रांगांमधून फिरता येते, आणि कोपऱ्यांतील कोळ्यांची जाळी का काढत नाहीत हेही कळते: फळांच्या वासाने येणारे कीटक ते कोळी खातात. या एका भेटीसाठी पूर्ण अर्धा दिवस राखून ठेवावा. आणखी एक दिवस हातात असेल तर तो पायोटनलंडला द्यावा. बेर्सेल परिसरातील ‘ड्री फोंटाइनेन’ आणि लेम्बेक येथील ‘बोन’ ही नावे तेथील आहेत. आइझरिंगेन गावातील ‘महातृष्णेविरुद्धचा विमा’ अशा अर्थाच्या नावाचा जुना पब चर्चजवळ आहे आणि परंपरेने रविवारी सकाळी उघडतो. प्रार्थना संपल्यावर गावकरी तेथे लॅम्बिक घेत बसतात. रविवार ब्रुसेल्समध्ये पडेल असा कार्यक्रम केला तर ही संधी साधता येते.

केव्हा जावे

आपल्या उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत, म्हणजे मे महिन्यात, नागपुरात पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा ब्रुसेल्समध्ये स्वेटर घालून बाहेर बसण्याजोगी हवा असते. मुलांच्या शाळांमुळे बहुतेक कुटुंबे तेव्हाच निघतात, पण व्हिसाच्या भेटीच्या वेळाही त्याच काळात सर्वांत लवकर संपतात. शक्य असेल त्याने सप्टेंबर निवडावा. पोळा आणि मारबत बहुधा आटोपलेले असतात, आणि तिकडे पोपरिंगे भागात हॉप्सची तोडणी चालू असते. मात्र घरी गणपती, पितृपक्ष किंवा नवरात्र पाळले जात असेल तर तारखा पंचांग पाहूनच ठरवाव्यात. प्रवासाच्या मध्येच कोणाचा उपवास निघाला तर सगळ्यांचाच विरस होतो. ऑक्टोबरनंतर दिवस लहान होतात, पाऊस भुरभुरतो, आणि पबच्या आतली ऊब खरी कळते. ज्यांना शहर पाहण्यापेक्षा बसण्यात रस आहे त्यांनी नोव्हेंबरही वाईट मानू नये.

व्हिसा, विमान आणि पैसा

बेल्जियम शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. मी तीन महिने आधी करण्याचा सल्ला देईन. प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे, व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. अर्ज व्हीएफएस ग्लोबलमार्फत घेतले जातात आणि बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते, त्यामुळे विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतोने मुंबईची एक फेरी खर्चात धरावी. बँकेची खातेविवरणे, आयकर विवरणपत्रे, नोकरीचे किंवा व्यवसायाचे दाखले, हॉटेलची आरक्षणे आणि किमान ३०,००० युरो संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध असावा. शेजारच्या नेदरलँड्स किंवा फ्रान्समध्येही जाणार असाल तर ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करावा.

नागपूरहून ब्रुसेल्सला थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली किंवा आखाती देशांतील एखाद्या विमानतळावरून जावे लागते. तिकीट काढताना ब्रुसेल्सचा मुख्य विमानतळ झावेंतेम येथे आहे आणि तेथून शहराच्या मध्यावर रेल्वेने वीस मिनिटांत पोहोचता येते, हे लक्षात ठेवावे. शार्लरुआचा विमानतळही ‘ब्रुसेल्स’ नावाने विकला जातो, पण तो शहरापासून बराच दूर आहे.

कॅफेत चांगल्या बिअरचा दर साधारण ४ ते ७ युरो धरावा. देशांतर्गत रेल्वेला आगाऊ आरक्षण लागत नाही; स्थानकावर जाऊन तिकीट काढून पुढची गाडी पकडावी. एकच सावधगिरी बाळगावी: उत्तरेकडील फ्लांडर्समध्ये फलक व घोषणा डच भाषेत असतात आणि वालोनियात फ्रेंचमध्ये. मॉन्सला जाणारी गाडी फ्लांडर्समधील स्थानकावर ‘बेर्गेन’ म्हणून लागते आणि कॉर्ट्रेइकचे फ्रेंच नाव ‘कूर्त्रे’ आहे. प्रत्येक गावाची दोन्ही नावे वहीत लिहून ठेवावीत.

दहा दिवसांची मांडणी

मुक्काम दोन-तीनच ठिकाणी करावेत आणि तेथून सकाळी निघून रात्री परतावे. पहिले चार दिवस ब्रुसेल्सला द्यावेत. पहिल्या संध्याकाळी, प्रवासाच्या थकव्यात, कोठेही धावू नये; ‘आ ला मॉर स्यूबित’ या जुन्या कॅफेत जाऊन बसावे. उंच छत, आरसे, लांब रांगेतली लाकडी टेबले आणि काळ्या-पांढऱ्या पोशाखातील वाढपी. नावाचा अर्थ ‘अकस्मात मृत्यू’ असा असला तरी त्यामागे भय नाही: दुपारच्या सुट्टीत खेळ खेळणाऱ्या गिऱ्हाइकांना कचेरीत परतायचे असे, तेव्हा ते शेवटचा डाव एका झटक्यात संपवत, त्यावरून हे नाव पडले. दुसरा दिवस कांतियोंचा. डेलिरियम कॅफेने २००४ मध्ये २,००४ प्रकारच्या बिअर ठेवून गिनेस विक्रम केला होता आणि तेथे पर्यटकांची रीघ असते. मी तेथे एकदा जाऊन यावे म्हणेन, पण संध्याकाळ ‘मूडर लॅम्बिक’सारख्या ठिकाणी घालवावी, जेथे यादी लहान असते आणि वाढणारा माणूस प्रत्येक बिअरविषयी बोलू शकतो. ग्रां-प्लास या मुख्य चौकात बिअर बनवणाऱ्यांच्या संघाचे जुने घर आजही त्यांच्याच संघटनेकडे आहे, ते बाहेरून तरी पाहावे.

त्यानंतर गेंट. ब्रुजपेक्षा गेंटमध्ये मुक्काम करावा असे मी सुचवतो; ब्रुज सुंदर आहे, पण दिवसा गजबजलेले असते, आणि गेंट हे राहत्या माणसांचे, विद्यार्थ्यांचे शहर आहे. लाइए नदीच्या काठावरील ‘हेट वॉटरहाउस आन दे बिअरकांट’ येथे पाण्याकडेला बसता येते. ‘दुले ग्रीट’मध्ये सव्वा लिटरच्या आसपासचा मोठा लाकडी आधाराचा ग्लास मागितला तर अनामत म्हणून पायातला एक बूट द्यावा लागतो आणि तो टोपलीतून छताला टांगला जातो. हा प्रकार चौघांत मिळून एकदा करण्यासारखा आहे. एकट्याने तो ग्लास संपवण्याचा हट्ट करू नये.

ब्रुजला एक दिवस जावे, शक्यतो सोमवार ते गुरुवारमध्ये. ‘दे हाल्वे मान’ ही शहराच्या मध्यातील ब्रुअरी पाहता येते. जुन्या दगडी गल्ल्यांतून टँकर नेणे टाळण्यासाठी त्यांनी २०१६ मध्ये ब्रुअरीपासून बाटल्या भरण्याच्या कारखान्यापर्यंत तीन किलोमीटरहून लांब बिअरची नळी जमिनीखालून टाकली. ‘त ब्रुग्स बिअर्ट्ये’ हा १९८३ पासूनचा लहानसा कॅफे आहे आणि ज्याला बिअरविषयी काही विचारायचे आहे त्याच्यासाठी देशातील उत्तम जागांपैकी एक आहे. ‘दे गारे’ इतक्या अरुंद बोळात आहे की पहिल्यांदा चुकतोच. तेथील स्वतःची ट्रिपेल ११ टक्क्यांची आहे आणि तिच्याबरोबर चीजचे तुकडे येतात. गेंटहूनच अँटवर्पचाही एक दिवस करावा, तेथे ‘दे कोनिंक’ ही शहराची घरची बिअर बोलेके नावाच्या गोल ग्लासात मागावी. अँटवर्पमध्ये हिऱ्यांच्या व्यापारामुळे गुजराती जैन कुटुंबे दीर्घकाळ स्थायिक आहेत, त्यामुळे मुख्य स्थानकाच्या परिसरात शाकाहारी भारतीय जेवण मिळते. शाकाहारी सोबत्यांसाठी हा दिवस मुद्दाम प्रवासाच्या मध्यावर ठेवावा.

शेवटचे दोन दिवस पोपरिंगेला. हे हॉप्सचे गाव आहे, कॉर्ट्रेइकमार्गे जाणाऱ्या रेल्वेमार्गाचे अखेरचे स्थानक. तेथे हॉप्सचे संग्रहालय आहे आणि दर तीन वर्षांनी सप्टेंबरमध्ये हॉप्सचा उत्सव भरतो. गावातून सायकल भाड्याने घ्यावी आणि सात-आठ किलोमीटरवरील वेस्टफ्लेटरेनला जावे. मठ आतून पाहता येत नाही. समोरच्या ‘इन दे व्रेडे’ या कॅफेत बसून तेथील तिन्ही बिअर, म्हणजे ब्लाँड, ‘८’ आणि ‘१२’, मिळतात. तिघे असाल तर एकेक मागवून आपसांत चाखावी. परतीची सायकल चालवायची आहे हे विसरू नये: रक्तातील अल्कोहोलची ०.५ ग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा तेथे सायकलस्वारालाही लागू आहे. पोपरिंगेजवळच्या वाटू गावची सिंट बर्नार्डुस ब्रुअरी १९४६ ते १९९२ या काळात मठाच्या परवानगीने वेस्टफ्लेटरेनची बिअर बनवत असे, त्यामुळे तिची ‘अब्ट १२’ तेथे चाखून दोन्हींची तुलना करणे हा एक उत्तम अभ्यास होतो. याच रेल्वेमार्गावर ईपर आहे. पहिल्या महायुद्धात तेथे लढलेल्या भारतीय सैनिकांची नावे मेनिन गेट या स्मारक-कमानीवर कोरलेली आहेत आणि रोज रात्री आठ वाजता तेथे बिगूल वाजवून मानवंदना दिली जाते. त्या संध्याकाळी आधी तेथे जावे, बिअर नंतर.

ऑर्व्हाल आणि रोशफोर या मांडणीत मी मुद्दाम घेतलेले नाहीत. दोन्ही दक्षिणेला आहेत आणि तेथे जाण्यासाठी मोटार सोयीची पडते. मोटार घेणार असाल तर एकाने त्या दिवशी काहीच प्यायचे नाही हे सकाळीच ठरवावे. न पिणाऱ्या चालकासाठी ‘बॉब’ हे नाव १९९५ मध्ये बेल्जियमनेच एका मोहिमेतून रूढ केले आणि तेथे ‘आज बॉब कोण?’ असे सर्रास विचारतात.

कोणत्याही ठिकाणी निघण्यापूर्वी त्या आठवड्यातील सुट्टीचा वार त्यांच्या संकेतस्थळावर पाहावा. आमच्या पहिल्या प्रवासात आम्ही दोन गाड्या बदलून आणि पावसात चालून एका गावातील कॅफेसमोर पोहोचलो, तर दारावर साप्ताहिक सुट्टीची पाटी होती. कुटुंबाने चालवलेले कॅफे आठवड्यातून दोन दिवसही बंद असतात.

पबमध्ये कसे बसावे

आपल्याकडचा बार म्हणजे अंधूक दिवे, बंद दारे आणि बहुतांशी पुरुष. हे चित्र मनातून काढून टाकावे. तेथील ‘तपकिरी कॅफे’, ज्याच्या भिंती पिढ्यानपिढ्यांच्या तंबाखूच्या धुराने रंगलेल्या असतात (आता आत धूम्रपानाला बंदी आहे), हे मोहल्ल्याचे दिवाणखाने आहेत. आजी नातवाला घेऊन येते, कोणी एकटी बाई पुस्तक वाचत बसते, चार म्हातारे पत्ते खेळतात. पत्नी, आई किंवा न पिणारे वडील सोबत असतील तर त्यांना हॉटेलवर ठेवून जाऊ नये. कॉफी मागणाऱ्याकडे तेथे कोणी वळून पाहत नाही.

आत गेल्यावर रिकामे टेबल पाहून बसावे आणि यादी मागावी. काय घ्यावे कळत नसेल तर बिअरचे नाव न सांगता चव सांगावी: आंबट हवी, गडद हवी, हलकी हवी. फ्लांडर्समध्ये फ्रेंच बोलण्याचा प्रयत्न करू नये. इंग्रजी चालते, आणि ‘डांक यू’ म्हटलेले आवडते. प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा असतो, ट्रॅपिस्टला रुंद चषक, ड्यूवेलला ट्यूलिपसारखा, क्वाकला लाकडी आधारात उभा केलेला गोल बुडाचा. योग्य ग्लास धुऊन येईपर्यंत थांबावे लागले तर थांबावे. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, म्हणून ग्लास तिरका धरून एका संथ धारेत ओतावे आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्यावा; बर्फासारखी थंड बिअर मागू नये, कारण गडद बिअरची चव थंडीत मिटते. पिण्याचे पाणी फुकट मिळेल असे धरू नये, बाटली मागवावी आणि प्रत्येक बिअरबरोबर तेवढेच पाणी प्यावे. टीप ऐच्छिक आहे.

खाण्याबाबत एक गोष्ट आवर्जून विचारावी. बेल्जियमचे प्रसिद्ध तळलेले बटाटे परंपरेने गाईच्या चरबीत दोनदा तळले जातात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी वनस्पती तेलात तळलेले आहेत का, असे आधी विचारावे. ‘स्टोफव्लेस’ हा बिअरमध्ये शिजवलेला रस्सा गोमांसाचा असतो. शाकाहाऱ्यांसाठी चीजचे चौकोनी तुकडे मोहरी आणि सेलरी-मिठासोबत, चीजची क्रोकेट, आणि ताज्या मऊ चीजचा थर व मुळ्याच्या चकत्या लावलेला पाव हे जवळपास सर्वत्र मिळते. हा शेवटचा पदार्थ लॅम्बिकबरोबर खाल्ला जातो आणि त्या जोडीला मी दुसरे काहीही सुचवणार नाही.

परतताना

भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, म्हणून सहाच आणाव्यात, चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी परवाना लागतो, तो जवळ असावा. शिवाय मुंबईहून रेल्वेने किंवा समृद्धी महामार्गाने नागपूरला येणारा प्रत्येक जण वर्धा जिल्हा ओलांडतो आणि त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. बाटल्या सोबत असतील तर शेवटचा टप्पाही विमानानेच करावा.

सहा बाटल्यांत दोन ऑर्व्हालच्या घ्याव्यात. या बिअरमध्ये बाटली भरताना जंगली यीस्ट घातले जाते, त्यामुळे ताजी असताना ती हॉप्सच्या सुगंधाने भरलेली आणि कडवट असते, तर वर्षभराने कोरडी आणि अधिक खोल होते. बेल्जियममधील काही कॅफे ‘कोवळी की जुनी’ असे विचारूनच ती देतात. एक बाटली घरी आल्यावर पंधरा दिवसांनी, गाळ तळाशी बसल्यावर उघडावी. दुसरी पुढच्या वर्षासाठी ठेवावी, पण कपाटात नव्हे, कारण नागपूरचा मे महिना तिला टिकू देणार नाही. फ्रिजच्या दारापासून दूर, खालच्या कप्प्यात, उभी ठेवावी आणि पिण्याआधी वीस मिनिटे बाहेर काढून ठेवावी.